काल्पनिक प्राचीन जगातला पाखंडी उपदेशक: त्याच्या मागे काय उरतं?

अर्धी_ओंजळ
नमस्कार मंडळी. एका दीर्घकथेवर काम चालू आहे, त्यात अडलेय, म्हणून हा धागा.

जग पूर्णपणे काल्पनिक, पण प्राचीन. नदीच्या मुखाजवळ सात नगरं, प्रत्येक नगरात एक देऊळ आणि देवळाला लागून धान्याचं कोठार. देवाला रोज जेवण लागतं, म्हणून शेतकऱ्याने पिकाचा सहावा हिस्सा कोठारात आणून घालायचा हा नियम. माझा नायक त्याच कोठारातला मापारी. दुष्काळात आत राशी लागलेल्या आणि दाराबाहेर माणसं मरतायत हे बघून तो काम सोडतो आणि गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरतो: "देवाला भूक नाही." देव नाही असं तो कधीच म्हणत नाही. देवाला भूक नाही, भूक माणसाला आहे, एवढंच. पुरोहित त्याला पाखंडी ठरवतात, शेवटी मारतात, अनुयायी पांगतात.

चरित्राचा भाग जमत आलाय. कथेचा दुसरा भाग मात्र तीनशे वर्षांनंतर घडतो. तोवर त्याचं काय उरलेलं असेल? माझ्या मते काहीच नाही. देऊळ आणि राजा दोघंही विरोधात गेले की माणूस समूळ पुसला जातो, आणि मला तेच दाखवायचंय. तुम्हाला पटतं का? इतिहासातले दाखले असतील तर जरूर द्या.

शिलालेखी
पटत नाही. पुसणं फार अवघड काम आहे.

मक्खली गोसाल घ्या. बुद्ध-महावीरांचा समकालीन, आजीवक संप्रदायाचा प्रमुख. या संप्रदायाचा स्वतःचा एकही ग्रंथ आज शिल्लक नाही. तरी त्याचं मत आपल्याला माहीत आहे, कारण ते खोडून काढणाऱ्यांनी ते लिहून ठेवलं. बौद्धांच्या दीघनिकाय या ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्तात ते सविस्तर येतं: सगळं नियतीने ठरलेलं आहे, पुरुषार्थाने काही बदलत नाही, फेकलेला सुताचा गुंडा उलगडून संपेपर्यंतच जातो, तसे मूर्ख आणि शहाणे दोघंही ठरलेले फेरे पुरे करूनच सुटतात. अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या बौद्ध ग्रंथात बुद्ध या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा देतो: थंडीत गार, उन्हात गरम, वर दुर्गंधी. इतकी कडवी टीका वाचल्यावर एक गोष्ट नक्की कळते. हा माणूस त्या काळात जबरदस्त प्रतिस्पर्धी होता. किरकोळ माणसावर कुणी एवढी शाई खर्च करत नाही.

आणि दगडावरचा पुरावा वेगळाच. बिहारमधल्या बराबर टेकड्यांत अशोकाने राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षी आजीवकांना गुहा दिल्या. कठीण ग्रॅनाइट कोरून आतून आरशासारखा घासलेला. शेजारच्या नागार्जुनी टेकडीवरच्या गुहा अशोकाचा नातू दशरथ याने त्यांनाच दिल्या. पुढे कुणीतरी यातल्या काही लेखांमधलं "आजीवक" हे नाव छिन्नीने खरवडलं. पण पुरतं गेलं नाही, आजही वाचता येतं.

तेव्हा तुमच्या मापाऱ्याचं नाव खरवडलेलं दाखवा. ते कोऱ्या भिंतीपेक्षा जास्त खरं वाटेल.

रानवाट
+१. मस्त विषय. वाचनखूण साठवली.

तिरपा_डोळा
शिलालेखी, एक हरकत. तुम्ही उदाहरण देऊ शकताय कारण गोसाल उरला. जे समूळ पुसले गेले त्यांचं उदाहरण कोण आणि कुठून देणार? त्याच सुत्तात सहा आचार्य येतात. त्यातल्या पकुध कच्चायनाबद्दल आपल्या हाती काय आहे? सात मूलद्रव्यांचं मत सांगणारा एक परिच्छेद आणि इकडेतिकडे थोडे उल्लेख. त्याचे शिष्य कोण, तो कसा जगला, कसा गेला, सगळा अंधार. असे शेकडो असतील ज्यांच्या वाट्याला तो परिच्छेदही आला नाही.

त्यामुळे अर्धी_ओंजळ यांचं मूळ म्हणणं अशक्य कोटीतलं नाही. प्रश्न इतकाच की समूळ पुसल्या गेलेल्या माणसाची गोष्ट वाचकाला का वाचावीशी वाटेल?

कोरांटी
माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तुमच्या जगात "पाखंडी" हा गुन्हा आहे का मुळात?

बहुतेक प्राचीन समाजांत कोण काय मानतो याच्याशी सत्तेला फारसं देणंघेणं नव्हतं. कोण काय *करतो* याच्याशी होतं. रोमन सम्राट डेसियसने इ.स. २५० मध्ये सगळ्या प्रजेला देवांना बळी अर्पण करायला लावलं, आणि केल्याचं प्रमाणपत्र घ्यायला लावलं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रं पपायरसवर सापडली आहेत. त्यात मजकूर काय, तर मी तुमच्यासमोर अर्पण केलं, नैवेद्य चाखला, आता सही करा. मनात काय आहे हे कुणी विचारतच नाही.

त्याच रोममध्ये इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटने बॅकस या मद्याच्या देवाच्या पंथावर बंधनं घातली. तो हुकूम कोरलेला ब्राँझचा पत्रा १६४० मध्ये दक्षिण इटलीत सापडला. वाचून बघा त्यांना भीती कशाची होती. सामाईक पैशाची पेटी ठेवायची नाही. एकमेकांत शपथा घ्यायच्या नाहीत. परवानगीशिवाय पाचापेक्षा जास्त जणांनी विधीसाठी जमायचं नाही, त्यातही पुरुष दोन आणि बायका तीन. देव चांगला की वाईट यावर अवाक्षर नाही.

तुमच्या पुरोहितांना "देवाला भूक नाही" या वाक्याचा राग यायचं खरं कारण सहावा हिस्सा हे आहे. पण न्यायसभेत ते तसं म्हणणार नाहीत. तिथे आरोप असेल तो रात्री जमण्याचा, शपथा घेण्याचा, वेगळा साठा करण्याचा. हे दोन पदर वेगळे ठेवलेत तर पुरोहित नुसते खलनायक राहणार नाहीत. कोठार रिकामं पडलं तर पुढच्या पुरात बांध कोण घालणार, कालवे कोण उपसणार, ही त्यांची काळजीही खरी असू शकते.

अर्धी_ओंजळ
कोरांटी, बांधाचा मुद्दा फारच उपयोगी आहे. कोठारातल्या धान्यावरच बांधाचे मजूर पोसले जातात असं धरलं तर मापाऱ्याचं म्हणणं मान्य होताच पाच-दहा वर्षांत एखादं नगर पाण्याखाली जाईल. मग त्याच्या शिष्यांना उत्तर द्यावं लागेल. हे घेतेय.

तिरपा_डोळा, वाचकाने का वाचावं हा प्रश्न डोक्यात घोळतोय. उत्तर अजून नाही.

पडवीतला
तो बोलला की लोक ऐकणार हे गृहीत धरू नका बुवा. त्याला जेवायला कोण घालत होतं? हे आधी ठरवा, बाकी चरित्र आपोआप येईल. :)

शिलालेखी
पडवीतला, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. गोसालाचा मुक्काम श्रावस्तीत हालाहला नावाच्या कुंभारणीच्या कर्मशाळेत असे, असं जैनांचं भगवतीसूत्र सांगतं. सिनोपीचा मार्सियन हा दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती पाखंडी, तो जहाजांचा मालक. त्याने रोमच्या चर्चला दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) दिले होते. इ.स. १४४ मध्ये त्याला बाहेर काढलं तेव्हा ती रक्कमही परत केली. मग त्याने स्वतःची वेगळी चर्चं उभारली आणि ती दूरवर पसरली. दमास्कसजवळच्या एका गावात मार्सियनपंथीयांच्या सभास्थानाचा शिलालेख मिळाला आहे, इ.स. ३१८-१९ चा. म्हणजे हकालपट्टीनंतर पावणेदोनशे वर्षांनी त्याची माणसं दारावर उघड पाटी लावून बसत होती.

तुमच्याकडे नदी आहे, म्हणजे नावाडी आहेत. धान्य देवळापर्यंत तेच वाहून नेतात. मापाऱ्याची आणि त्यांची रोजची ओळख असणार. त्याला आसरा तेच देतील.

सायली_तळेकाठची
नावाड्यांवरून आठवलं. एरियस! चौथ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती धर्मगुरू. पिता (देव) आणि पुत्र (येशू) समान नाहीत, पुत्र निर्माण केलेला आहे, हे त्याचं मत. ते त्याने "थालिया" नावाच्या पद्यात गुंफलं. शिवाय खलाशी, जात्यावर दळणारे आणि प्रवासी यांच्यासाठी गाणी रचली, असं त्याच्या बाजूच्या एका इतिहासकाराने लिहिलंय. इ.स. ३२५ ला निकियाच्या धर्मपरिषदेने त्याला धिक्कारलं. सम्राट कॉन्स्टंटाईनने त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम काढला, आणि लपवून ठेवणाऱ्याला देहदंड.

पुस्तकं गेली. थालियाचे तुकडे उरले, ते त्याचा कट्टर विरोधक अथानासियस याच्या लेखनात, खंडनासाठी उतरवून घेतलेले. पण एरियसचं मत साम्राज्याच्या सीमेपलीकडे गॉथ या जर्मानिक लोकांत जाऊन रुजलं आणि स्पेनमधल्या गॉथ राजवटीने ते सोडलं थेट ५८९ मध्ये, टोलेडोच्या परिषदेत. जिथे हुकूम पोहोचत नाही तिथे पाखंड टिकतं. तुमच्या सात नगरांच्या पलीकडे कोण राहतं? डोंगरातले पशुपालक? मिठागरवाले? त्यांच्या देवाला तर कोठारच नसेल. त्यांना "देवाला भूक नाही" हे ऐकून धक्काही बसणार नाही. ते म्हणतील, बरोबरच आहे की.

मापाऱ्याच्या तोंडी दळतानाची ओवी घाला, माझी मागणी. दळणाऱ्या बाईला धान्य किती आणि कुणाच्या पोटात जातं हे सगळ्यांत आधी कळतं.

नि_शब्द
ओव्यांना माझंही अनुमोदन. पण "उपदेशक" असला तरी तो फार बोलका नको. एकच वाक्य म्हणणारा माणूस छान आहे.

तिरपा_डोळा
एकच वाक्य असलं तर ते वाक्य फिरवलं जाणार हेही लक्षात ठेवा.

चार्वाकांचा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. "यावज्जीवेत् सुखं जीवेत् ऋणं कृत्वा घृतं पिबेत्." कर्ज काढून तूप प्या. यावरून लोकायत (चार्वाकमताचे लोक) म्हणजे चैनी, बेजबाबदार लोक असं चित्र पक्कं झालं. आता माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह उघडा, चौदाव्या शतकातला. पहिलंच प्रकरण चार्वाकांचं. त्यात सुरुवातीला हाच श्लोक येतो, पण दुसरा चरण असा: "नास्ति मृत्योरगोचरः". जगताय तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या नजरेबाहेर कुणीच नाही. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी कर्ज आणि तूप येतं. एका पुस्तकाच्या एका प्रकरणात दोन्ही रूपं! आपल्या पाठांतरात कुठलं राहिलं ते सांगायला नको.

तुमच्या जगात तीनशे वर्षांनी "देवाला भूक नाही" याचं "देवच नाही, खा-प्या" असं झालेलं असेल. देवळाच्या पाठशाळेत मापाऱ्याचं मत म्हणून हेच शिकवत असतील, आणि त्यात कुणाचा कपटी हेतू असायची गरजही नाही. खंडन करायला सोपं रूप टिकतं, अवघड रूप गळतं.

उंबरठा
थोडं वेगळं मत मांडतो. सगळे जण त्याला उदार, दयाळू, गरिबांचा कैवारी धरून चाललेत. पाखंडी माणूस बऱ्याचदा प्रस्थापितांपेक्षा कडक असतो.

देवदत्त आपल्याला बुद्धावर शिळा ढकलणारा, मत्त हत्ती सोडणारा खलपुरुष म्हणून माहीत. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्याच्या पाच मागण्या दिल्या आहेत: भिक्षूंनी जन्मभर अरण्यातच राहावं, भिक्षेवरच जगावं, चिंध्यांचीच चीवरं वापरावी, झाडाखालीच राहावं, मासे-मांस खाऊ नये. बुद्धाने सक्ती नाकारली, ज्याला हवं त्याने पाळावं म्हणाला. म्हणजे फूट पडली ती देवदत्ताला जास्त कडक नियम हवे होते म्हणून.

आणि वारसा म्हणाल तर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी यात्रेकरू फाहियान श्रावस्तीच्या भागात आला, त्याने देवदत्ताचे अनुयायी पाहिले. ते आधीच्या तीन बुद्धांची पूजा करत आणि शाक्यमुनीची (गौतम बुद्धाची) करत नसत. कित्येक शतकं उलटून गेल्यावर! बौद्ध ग्रंथांत तोवर देवदत्त नरकात पोहोचवूनही झाला होता.

मापाऱ्यातही ही कडक बाजू असू द्या. कोठारातला दाणा ज्याच्या पोटात गेला त्याच्या हातचं पाणीही तो पीत नसेल. मग बांधावरचे मजूर, ज्यांची मजुरीच त्या धान्यातून येते, ते त्याचा द्वेष करतील. गरीबच गरिबाच्या बाजूच्या माणसाला दगड मारतील. मला वाचक म्हणून हे बघायचंय.

रानवाट
उंबरठा, हे वाचून अंगावर काटा आला. नक्की घ्या हो ताई.

अर्धी_ओंजळ
घेतेय! मजुरांनी त्याला गावाबाहेर हाकलल्याचा प्रसंग आजच लिहायला घेतला. पुरोहितांच्या आधी त्याला मजूर नाकारतात. याने पहिल्या भागाचा सगळा तोल बदलतोय आणि चांगल्यासाठी बदलतोय.

आता मरणाबद्दल सांगा. सध्या त्याला नदीत बुडवून मारतात.

शिलालेखी
मरणाच्या किमान दोन कथा हव्यात, एक शत्रूंची आणि एक आपल्या माणसांची.

भगवतीसूत्रात गोसालाच्या शेवटाची जी कथा आहे ती मला फार विलक्षण वाटते. त्या कथेत तो मरताना पश्चात्ताप करतो, महावीरच खरे जिन (सिद्ध पुरुष) हे कबूल करतो आणि शिष्यांना सांगतो की माझं प्रेत पायाला दोरी बांधून श्रावस्तीच्या रस्त्यांतून फरफटत न्या, मी खोटा होतो असं ओरडत. शिष्य काय करतात? दार आतून लावून घेतात, जमिनीवर श्रावस्तीचा नकाशा काढतात, आणि त्या नकाशावरून प्रेत ओढून, हळू आवाजात ते शब्द उच्चारून आज्ञा पुरी करतात. मग दार उघडून थाटामाटात अंत्ययात्रा काढतात.

कथा विरोधकांची आहे, त्यामुळे पश्चात्ताप घातलेला असणार हे उघड आहे. पण थाटाची अंत्ययात्रा लोकांनी पाहिलेली असणार, ती नाकारता येत नव्हती. बंद दाराआडचा नकाशा हा त्या दोन गोष्टींचा मेळ घालायला आलेला दिसतो. शत्रूची कथा अशी वाचायची असते: त्याला काय नाकारता आलं नाही ते शोधायचं.

सायली_तळेकाठची
एरियस शौचकूपात आतडी बाहेर पडून मेला असं अथानासियसने लिहून ठेवलंय (इ.स. ३३६). धर्मशत्रूला घाणेरडं मरण द्यायचं ही जुनी रीत. मापाऱ्यालाही देऊळवाले साधं बुडू देणार नाहीत. तो कोठारात चोरून शिरला आणि धान्याच्या राशीखाली गुदमरून मेला, असं सांगतील. ज्याला भूक नाही म्हणायचा त्याच्याच अन्नात गाडला गेला! मुलांना ही गोष्ट सांगायला सोपी.

अर्धी_ओंजळ
सायली!! हे वाक्य जसंच्या तसं वापरू का?

सायली_तळेकाठची
बिनधास्त. :)

कोरांटी
आपल्या माणसांच्या कथेसाठी मानी या धर्मसंस्थापकाकडे बघा. जन्म इ.स. २१६, बॅबिलोनियात. आधीच्या धर्मसंस्थापकांनी स्वतः लिहिलं नाही म्हणून त्यांची शिकवण बिघडली, हे त्याचं ठाम मत. म्हणून त्याने स्वतः ग्रंथ लिहिले, चित्रंही काढवली. इराणचा राजा शापूर पहिला याने त्याला मोकळीक दिली, पुढे बहराम पहिला याच्या काळात तो तुरुंगात बेड्यांमध्ये मेला. त्याचे अनुयायी दर वर्षी त्याच्या मरणाचा दिवस पाळत, आणि मध्यभागी पाच पायऱ्यांचं रिकामं आसन मांडत. गुरू तिथे बसलेला आहे असं मानून.

एवढं लिहून ठेवूनही त्याचे ग्रंथ अखंड उरले नाहीत. विसाव्या शतकात पश्चिम चीनमधल्या तुर्फानच्या वाळवंटातून फाटके तुकडे निघाले, इजिप्तमधून पपायरस निघाले. त्याचं ग्रीकमधलं एक चरित्र मिळालं ते साडेचार सेंटिमीटर गुणिले साडेतीन सेंटिमीटरच्या पुस्तकात. मुठीत झाकून टाकता येईल एवढं. चीनच्या फूजियान प्रांतात त्याचं देऊळ मात्र उभं आहे, चौदाव्या शतकातली मूर्ती आहे, आणि तिथे त्याला "प्रकाशाचा बुद्ध" म्हणून पुजलं गेलं.

म्हणजे लिहिल्याने जे साधेल असं त्याला वाटलं ते साधलं नाही, आणि मूर्तीमुळे, ज्याचा त्याने हिशेबही केला नसेल, तो पूर्वेच्या टोकाला टिकला.

नि_शब्द
लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर महानुभावांचं उदाहरण द्यायला हवं. चक्रधरस्वामींना पाखंडी म्हणायचा माझा अजिबात हेतू नाही, पंथ आजही जिवंत आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण ग्रंथ कसे टिकतात यासाठी त्यांच्याइतकं जवळचं उदाहरण नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्रात गेली तेव्हा शिष्यांनी आठवणीतून ते पुन्हा उभं केलं. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. पुढे पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या आणि शतकानुशतकं पंथाबाहेरच्याला त्या वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली.

आणि पंथातल्या केशोबासांनी संस्कृतात प्रश्न विचारला तेव्हा चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य काय म्हणाले? "तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणें गा: मज श्रीचक्रधरें निरूपिली मऱ्हाटी." संस्कृतात लिहू नका, माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, ही त्यांची काळजी. ज्या म्हाताऱ्यांसाठी शिकवण होती त्यांनीच ती सांभाळली. अर्धी_ओंजळ, तुमच्या मापाऱ्याच्या म्हाताऱ्या कोण?

पडवीतला
नि_शब्द, फार सुंदर प्रतिसाद.

तिरपा_डोळा
चर्चा कुणीतरी मूळ प्रश्नाकडे वळवा आता. तीनशे वर्षांनी काय उरतं?

माझा हिशेब सांगतो. शिकवण उरत नाही. उरते ती सवय. कोरांटीने सांगितलेलं रिकामं आसन बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आसन मांडणाऱ्या सामान्य श्रोत्याला मानीचं सगळं तत्त्वज्ञान ठाऊक असेल असं नाही. तसं नावाड्यांनी दर खेपेला पहिली मूठ धान्य देवळासाठी न ठेवता काठावरच्या कुणालाही द्यायची, असं काहीतरी. का द्यायची ते कुणाला सांगता येत नाही. "पहिल्यापासून असंच आहे." देऊळही त्याला हरकत घेत नाही, कारण ते पाखंड आहे हे देवळालाही आता माहीत नाही.

शिलालेखी
तिरपा_डोळा, सवय उरते हे मान्य, शिकवण उरत नाही हे अमान्य. जयराशीचा तत्त्वोपप्लवसिंह हा लोकायतांच्या जवळचा ग्रंथ, सगळी प्रमाणं (ज्ञानाची साधनं) उधळून लावणारा. तो पाटणच्या जैन भांडारात ताडपत्रावर सापडला आणि १९४० मध्ये छापला गेला. जैन आचार्य त्याचं मत मानत नव्हते, पण वाद करायचा तर प्रतिपक्षाचा ग्रंथ हाताशी हवा, म्हणून त्यांनी तो जपला. मतभेद असूनही एक ताडपत्र शतकानुशतकं सांभाळणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात.

आणि मातीच्या पाट्यांचा विचार करा. असिरियाची राजधानी निनेव्हे इ.स.पू. ६१२ मध्ये जळली, तेव्हा अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्या आगीत भाजून निघाल्या आणि टिकल्या. कागद असता तर राख झाली असती. तुमच्या कोठाराचे हिशेब मातीवर असतील तर मापाऱ्याच्या हातचे हिशेब कोठाराला लागलेल्या आगीत पक्के होतील. त्याच्याकडे दुष्काळाच्या वर्षाची नोंद असेलच: आत किती खंड्या, बाहेर किती मेले.

कोरांटी
बाहेर किती मेले हे कोठाराच्या हिशेबात कोण लिहील? आत आलेलं आणि बाहेर गेलेलं धान्य, एवढंच असेल त्यात. त्याने आपणहून मृतांची ओळ घातली असेल तर तोच त्याचा पहिला गुन्हा. उपदेशाच्याही आधीचा.

अर्धी_ओंजळ
कोरांटी, मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले हे वाचून.

आता ठरतंय. संपूर्ण विस्मरण मी सोडून दिलं. दुसऱ्या भागात तीन धागे ठेवतेय. नावाड्यांची पहिली मूठ, कारण माहीत नसलेली. पाठशाळेतलं बिघडलेलं वाक्य, राशीखाली गुदमरलेल्या चोराच्या गोष्टीसकट. आणि भाजलेली पाटी, जिच्यावर मृतांची ओळ आहे पण लिहिणाऱ्याचं नाव नाही. हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत हे माझ्या जगात कुणालाच कळत नाही. वाचकालाच कळतं. तिरपा_डोळा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: वाचक एकटाच त्याला ओळखतो, म्हणून वाचेल.

दुसऱ्या भागाचं मुख्य पात्र म्हणून पाठशाळेतली एक विद्यार्थिनी घेतेय. तिला वादसभेत मापाऱ्याचा पक्ष मांडायचं काम मिळतं, म्हणजे मग तिच्या गुरूने तो खोडून काढायचा.

तिरपा_डोळा
उत्तर मान्य.

उंबरठा
विद्यार्थिनीचं फार आवडलं. एकच सूचना. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष (प्रतिपक्षाचं म्हणणं) मांडताना तो शक्य तितका भक्कम मांडायचा अशी शिस्त असते, कारण दुबळ्या पूर्वपक्षाचं खंडन करून सिद्धान्त सिद्ध होत नाही. तिचा गुरू प्रामाणिक असू द्या. तोच तिला म्हणेल की "खा-प्या" हे इतकं पोकळ आहे की यावर एखादा पंथ उभाच राहिला नसता, जा आणि मूळ काय होतं ते शोधून आण. म्हणजे पाखंडाचा शोध देऊळच सुरू करून देतं.

सायली_तळेकाठची
आणि ती शोधायला निघाली की नदी ओलांडावीच लागणार. नावेत बसताना नावाडी तिला पहिली मूठ देईल ना?

अर्धी_ओंजळ
देईल. आणि ती विद्यार्थिनी असल्यामुळे नको म्हणेल, कारण तिचं जेवण कोठारातून येतं. त्यावर नावाडी काय म्हणतो ते मला अजून सुचत नाहीये. पहिल्या भागाची तीन प्रकरणं येत्या आठवड्यात इथेच टाकते.

रानवाट
पुढील भागाच्या प्रतीक्षेत!